तुकडा नको म्हणून पाणी आलं: सुक्या मिरचीच्या एका कंटेनरचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या आयातदार पेढीचं आहे. पेढीचं आणि देशाचं नाव मुद्दाम देत नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. पैशांचे आकडे चलनात न देता कंटेनरभर मालाची खरेदी किंमत १०० धरून दिले आहेत. भांडण सुरू झाल्यावर मला सल्लागार म्हणून बोलावलं गेलं. त्याआधीचं जे लिहिलंय ते कागद वाचून आणि दोन्ही भागीदारांशी बोलून.

या देशात सुकी मिरची जवळजवळ पिकतच नाही. येते ती बाहेरून, आणि त्यातली बरीचशी भारतातून, म्हणजे मुख्यतः गुंटूरच्या बाजारातून. पेढीचा धंदा सरळ होता: वर्षाला बारा-पंधरा कंटेनर आणायचे आणि ८० टक्के माल तीन मसाला गिरण्यांना द्यायचा. गिरण्या तिखटासाठी तेजा घेतात आणि रंगासाठी ब्याडगी, मग दोन्ही मिसळून आपापला रंग आणि तिखटपणा जुळवतात. किरकोळ दुकानांना अख्खी मिरची देणं पेढीने काही वर्षांपूर्वीच बंद केलं होतं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

पेढीचा जुना विक्रेता महाग होता पण त्याचा माल कधी परत गेला नव्हता. २०२१-२२ च्या हंगामात काळ्या फुलकिड्यांनी (थ्रिप्स पार्विस्पायनस) आंध्र आणि तेलंगणातलं मिरचीचं पीक बसवलं, भाव चढले, आणि खरेदी पाहणारे भागीदार नवीन निर्यातदार शोधू लागले. एक सापडला. त्याचा भाव जुन्यापेक्षा ७ टक्के कमी होता. दोन कंटेनर व्यवस्थित आले. तिसऱ्याची ही हकिकत.

करार

करार दीड पानाचा होता. माल: तेजा, देठ काढलेली, २५ किलोच्या ५६० गोण्या, म्हणजे १४ टन, एका ४० फुटी कंटेनरात. ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालेल. तुकडा, म्हणजे मोडलेली मिरची, ३ टक्क्यांच्या आत. विक्री सीएफआर अटीवर, म्हणजे जहाजाचं भाडं विक्रेता भरणार, पण माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. पैसे: २० टक्के आगाऊ, बाकीचे बँकेत कागद आल्यावर. ते भरल्याशिवाय बँक बिल ऑफ लेडिंग (माल सोडवून घ्यायचा जहाज कंपनीचा कागद) सोडत नाही, आणि बिल ऑफ लेडिंगशिवाय माल हातात येत नाही.

थोडक्यात, मिरची डोळ्यांना दिसण्याआधी १०० पैकी १०० दिलेले असतात. या धंद्यात यात काही नवल नाही. पण अशा करारात मालाची खात्री करून घ्यायची एकच जागा उरते, माल भरतानाची. त्या जागी पेढीचं कुणीही नव्हतं.

प्रयोगशाळेचा अहवाल होता. ओलावा ११.२ टक्के, अफ्लाटॉक्सिन (बुरशीतून तयार होणारं विष) मर्यादेच्या खूप आत. खरेदी पाहणाऱ्यांनी तो मला दाखवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर 'हे बघा, आम्ही काही झोपलो नव्हतो' असा भाव होता. अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत दोन ओळी होत्या: नमुना ग्राहकाने आणून दिलेला, आणि निकाल फक्त त्या नमुन्यापुरता. ग्राहक म्हणजे इथे विक्रेता. अहवालाची तारीख कंटेनर भरण्याच्या नऊ दिवस आधीची होती.

काय झालं

माल मे महिन्यात भरला गेला. सीएफआरमध्ये जहाज विक्रेता ठरवतो, आणि त्याने साहजिकच स्वस्त मार्ग धरला: वाटेत एका बंदरात जहाज बदलायचं. तिथे कंटेनर अडकला. २८ दिवसांच्या प्रवासाला ४९ दिवस लागले.

दार उघडल्यावर आधी वास आला, कुबट, ओल्या गोणपाटाचा. छतालगतच्या आणि दाराजवळच्या गोण्यांवर पाण्याचे ओघळ होते, काहींवर पांढरी-हिरवी बुरशी. मधल्या गोण्या मात्र हाताला कोरड्या लागत होत्या.

सरकारी निरीक्षकांनी पन्नासेक ठिकाणांहून नमुने घेऊन एकत्र केले. निकाल: अफ्लाटॉक्सिन बी१ (त्यातला सगळ्यात घातक प्रकार) १५.२ आणि एकूण १८.६ मायक्रोग्रॅम प्रति किलो. या देशातली मर्यादा युरोपीय संघाइतकीच आहे, बी१ साठी ५ आणि एकूण १०. माल नापास.

मिरचीवर इतकी बारीक नजर का, हे नवख्या आयातदारांना कधीकधी कळत नाही. २००३ मध्ये युरोपात तिखटात सुदान-१ हा मेण-पॉलिशचा रंग सापडला. २००५ मध्ये तशाच एका तिखटाचा अंश सॉसमधून पुढे शेकडो तयार पदार्थांत गेल्याचं उघड झालं आणि ब्रिटनमध्ये ४०० हून अधिक पदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. त्या वेळचे अधिकारी आता निवृत्त झाले असतील, पण मिरचीची फाईल कुठल्याच खात्यात पुन्हा पातळ झाली नाही.

पहिला निर्णय: पुन्हा तपासणी मागायची का?

इथे माझी चूक सांगायला हवी. निकाल आल्याच्या दुसऱ्या दिवशी पेढीने स्वतः घेतलेला नमुना एका खाजगी प्रयोगशाळेतून ६ घेऊन आला. एकूण ६, म्हणजे पास! सगळ्यांना हायसं वाटलं. मीही म्हटलं, राखीव सरकारी नमुन्याची फेरतपासणी मागू या.

अफ्लाटॉक्सिन मालात सारखं पसरलेलं नसतं, हे मला ठाऊक होतं. हजार मिरच्यांमध्ये एखादीच सडकी असते आणि ती एकटी इतकी विषारी असते की ती नमुन्यात आली तर आकडा उडतो, नाही आली तर माल स्वच्छ दिसतो. म्हणून चार ठिकाणांहून घेतलेल्या दोन किलोंच्या ६ पेक्षा पन्नास ठिकाणांहून घेतलेल्या नमुन्याचा १८.६ जास्त विश्वासाचा. हे माहीत असून मी आशेला बळी पडलो. फेरतपासणीचा निकाल १६ आला. आठ दिवस गेले, आणि बंदरातले मोफत दिवस संपल्यामुळे त्या आठही दिवसांचं डेमरेज (मुदतीनंतर कंटेनर पडून राहिल्याचा आकार) चढलं.

दोष कुणाचा?

आता तीन पक्ष एकमेकांकडे बोट दाखवू लागले. विक्रेता म्हणाला, माल कोरडा गेला, समुद्राचं पाणी शिरलं असेल. जहाज कंपनी म्हणाली, कंटेनर धड आहे. विमा कंपनीने सर्वेक्षक पाठवला.

सर्वेक्षकाने ओल्या गोण्यांवर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. समुद्राच्या पाण्यात मीठ असतं, त्यातल्या क्लोराइडमुळे पांढरा साका दिसतो. इथे काहीच दिसलं नाही. म्हणजे पाणी बाहेरचं नव्हतं, मिरचीतलंच होतं. उष्ण बंदरात तापलेला कंटेनर समुद्रावर रात्री थंड होतो, आतल्या मालातून निघालेली वाफ छताला लागून थेंब होते आणि तोच पाऊस पुन्हा मालावर पडतो. ४९ दिवस हे चक्र चाललं.

विम्याचं दार तिथेच बंद झालं. पेढीने सगळ्यात स्वस्त, 'सी' कलमांचा विमा घेतला होता. त्यात आग, जहाज बुडणं, टक्कर असे मोजके धोके येतात. हिशेब पाहणाऱ्या भागीदार यावरून खरेदीवाल्यांवर खूप चिडल्या, पण माझ्या मते तो राग चुकीच्या जागी होता. सगळ्यात मोठ्या 'ए' कलमांतही मालाच्या अंगच्या दोषाने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. मिरची स्वतःच्या ओलाव्याने सडली तर विमा कंपनीला तेवढं कारण पुरतं.

मग अधिकाऱ्यांच्या परवानगीने गोण्या दोन गटांत तपासल्या. छतालगतच्या गोण्यांत ओलावा १५.८ टक्के आणि अफ्लाटॉक्सिन ४० च्या घरात. मधल्या, कोरड्या वाटणाऱ्या गोण्यांत ओलावा १२.९, अफ्लाटॉक्सिन ९, पण त्यातलं बी१ ७, म्हणजे त्याही नापास. हा दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटला. छताचा पाऊस न लागलेल्या गोण्याही १२.९ वर असतील, तर माल भरतानाच करारातल्या १२ च्या वर होता. मग ११.२ चा नमुना नऊ दिवसांपूर्वी कुठल्या मिरचीचा होता?

उत्तर विक्रेत्याच्या मुकादमाकडून, फोनवर, अगदी सहज मिळालं. मे महिन्यात गुंटूरकडे पारा चाळिशीच्या वर असतो. मिरची कडक वाळते. अशी मिरची देठ खुडताना आणि गोणीत दाबताना कटाकटा मोडते. करारात तुकडा ३ टक्क्यांच्या आत हवा. मग काय करायचं? आदल्या संध्याकाळी ढिगावर पाणी मारायचं, रात्रभर झाकून ठेवायचं, सकाळी मिरची चामड्यासारखी लवचिक होते, मग देठ खुडा आणि भरा. "तुम्हीच मागता ना साबूत," मुकादम म्हणाला. नमुना पाणी मारण्याआधी घेतलेला होता.

त्याच्या बोलण्यात लबाडी होती का? थोडी होती, पाण्याने वजनही वाढतंच. पण तो म्हणाला ते खरं होतं. ३ टक्क्यांची अट पेढीनेच घातली होती.

ती कुठून आली, हे मी विचारलं. खरेदी पाहणाऱ्यांनी जुन्या फायली काढल्या. पेढी किरकोळ दुकानांना अख्खी मिरची द्यायची तेव्हाच्या करारातली ती ओळ होती. दुकानदाराला गोणीत तुकडे आणि बिया दिसल्या तर तो भाव पाडतो, म्हणून घातलेली. दुकानं सुटली, गिरण्या आल्या, करार मात्र तसाच टंकला जात राहिला. गिरणीवाल्याला तुकड्याचं काय सोयरसुतक? तो अख्खी मिरची दळूनच टाकतो.

पर्याय

माल बंदरात उभा होता आणि मीटर चालू होता. समोर चार वाटा होत्या.

जाळून टाकायचा. सगळ्यात लवकर सुटका, आणि १०० ची पूर्ण राख, वर जाळण्याचा खर्च.

ओल्या गोण्या वेगळ्या काढून उरलेल्या पुन्हा तपासायच्या. आम्हाला हीच वाट हवी होती. अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं की नापास झालेला माल तोडून तुकड्यातुकड्याने पास करून घेता येणार नाही. तसंही मधल्या गोण्यांचं बी१ बघता ती तपासणी आम्ही हरलोच असतो.

परत पाठवायचा. विक्रेता आधी तयार नव्हता.

चौथी वाट कुणी कागदावर लिहिली नाही. गिरणीत चांगल्या मालात दहाला एक मिसळली की आकडा मर्यादेत येतो, असं एका ओळखीच्या व्यापाऱ्याने सुचवलं. नापास माल चांगल्यात मिसळून पातळ करायला बंदी आहे, आणि माल अजून सरकारी ताब्यात असल्याने तसं करणं शक्यही नव्हतं. तरी हिशेब पाहणाऱ्या भागीदार एक संध्याकाळभर त्यावर विचार करत होत्या, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. अफ्लाटॉक्सिन दळून, भाजून किंवा शिजवून नाहीसं होत नाही आणि ते यकृताला कर्करोगापर्यंत नेऊ शकतं, हे त्यांना आधी कुणी नीट सांगितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी तो फक्त एक सरकारी आकडा होता.

काय केलं

मुकादमाच्या बोलण्यानंतर विक्रेत्याशी बोलणं सोपं झालं. करारात ओलावा १२ पर्यंत होता, त्याचा माल १२.९ च्या खाली गेलेला नव्हता, आणि पाणी मारल्याचं त्याच्याच माणसाने सांगितलं होतं. कोर्टात जायचं म्हटलं असतं तर दोन देशांतले वकील, वर्षं आणि हाती काय लागलं असतं कोण जाणे. आम्ही तो मार्ग बोलून दाखवला, वापरला नाही.

ठरलं असं: माल परत जाईल, परतीचं भाडं निम्मं-निम्मं, आणि विक्रेता ५५ ची भरपाई देईल. पण रोख नाही. पुढच्या तीन कंटेनरच्या बिलांतून वळती करून.

हा दुसरा मोठा निर्णय होता आणि इथे दोन्ही भागीदार खरोखर भांडले. एकांचं म्हणणं, ज्याने पाणी मारलं त्याच्याकडूनच आणखी तीन कंटेनर घ्यायचे म्हणजे त्याच्या हातात दोरी देणं. दुसऱ्यांचं म्हणणं, ५५ सोडून द्यायचे का? मी तीन कंटेनरच्या बाजूने होतो, पण करार नवा हवा या अटीवर. कारण माझ्या मते माणूस बदलून काही झालं नसतं. तीच अट घेऊन दुसऱ्याकडे गेलो असतो तर त्यानेही मेमध्ये पाणीच मारलं असतं.

तोवर गिरण्यांचा साठा संपत आला होता. पेढीने प्रतिस्पर्धी आयातदाराकडून चढ्या भावाने अर्धा कंटेनर उचलून दोन गिरण्या सांभाळल्या. तिसरीने वाट पाहिली नाही.

परत गेलेल्या त्या १४ टनांचं तिकडे काय झालं, हे मी विक्रेत्याला दोनदा विचारलं. त्याने दोन्ही वेळा विषय बदलला.

नव्या करारात तुकड्याची मर्यादा ३ वरून ८ टक्के केली. ओलावा १२ वरून १० वर आणला. पाणी मारायचं नाही, असं शब्दांत लिहिलं. नमुना विक्रेता काढणार नाही, पेढीने नेमलेला सर्वेक्षक कंटेनर भरताना गोण्या उघडून काढेल, आणि ओलाव्याचं यंत्र तिथेच लावेल. सीएफआर सोडून एफओबी घेतलं, म्हणजे जहाज आपण निवडायचं, सरळ जाणारं. आतून क्राफ्ट कागद, छताला ओलावा शोषणाऱ्या पिशव्या. पैशांपैकी १५ टक्के इथला निकाल येईपर्यंत राखून ठेवायचे. खरेदी शक्यतो फेब्रुवारी-मार्चच्या नव्या आवकेतून.

विक्रेत्याने १५ टक्के राखून ठेवायला विरोध केला आणि शेवटी १० वर तयार झाला. बाकीचं त्याने आश्चर्य वाटावं इतक्या लवकर मान्य केलं. तुकडा ८ टक्के चालणार म्हटल्यावर त्याची रात्रीची पाणी मारायची मजुरी वाचत होती आणि मोडलेला माल बाजूला काढायची कटकटही. भाव जेमतेम २ टक्के वाढला.

निकाल

या एका कंटेनरचा हिशेब असा बसला. माल १००, डेमरेज आणि साठवण १४, तपासण्या २, परतीच्या भाड्यातला वाटा ५, महागड्या उसन्या मालाचा फटका ९. एकूण १३०. त्यातून ५५ तीन हप्त्यांत परत आले. निव्वळ नुकसान ७५, आणि एक गिरणी गेली ती गेलीच.

नव्या करारावर चार कंटेनर आले. चारही पास झाले, पण मला त्याहून मोलाची वाटते ती वेळेवर न आलेल्या पाचव्याची गोष्ट. सर्वेक्षकाने भरताना यंत्र लावलं, १२.४ दिसलं, त्याने भरणं थांबवलं. विक्रेत्याने तीन दिवस माल उन्हात पसरला आणि मग भरला. त्या तीन दिवसांवरून खरेदी पाहणाऱ्यांनी मला चिडून फोन केला होता, की जहाज चुकलं.

वेगळं काय करता आलं असतं

फेरतपासणी मागायलाच नको होती. १४ डेमरेजमधले निम्म्याहून अधिक त्या आठ दिवसांचे आहेत आणि ते माझ्या सल्ल्याचे आहेत.

विक्रेत्याच्या मुकादमाला पहिल्याच दिवशी फोन करायला हवा होता. आम्ही प्रयोगशाळा, सर्वेक्षक, विमा असे वरून खाली उतरत गेलो. ज्याने गोण्या भरल्या त्याला विचारायला सतरा दिवस लागले, आणि त्याने दोन मिनिटांत सांगितलं.

विक्रेता बदलताना ७ टक्के स्वस्त का, हे विचारायला हवं होतं. जुना विक्रेता, नंतर कळलं, तुकड्याची अट पाळायला मिरची सकाळच्या दवात खुडून घ्यायचा आणि मग पुन्हा वाळवायचा. महाग होता तो त्यामुळे. तेव्हा ती अट काढून त्याच्याशीच भाव केला असता तर कदाचित तोही खाली आला असता. हे आता तपासून पाहता येणार नाही, त्याने आपला माल दुसरीकडे लावला आहे.

राखीव रकमेबाबत माझं मत अजून डळमळीत आहे. १० टक्क्यांनी विक्रेता जागरूक राहतो, पण माल पूर्ण नापास झाला तर १० ने काही भागत नाही. २५ कुणी मान्य करत नाही. शेवटी खरी राखण सर्वेक्षकाच्या यंत्राची आहे.

आणि त्यावरूनच गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला. ताज्या कंटेनरचा ओलावा ९.६ निघाला होता. खरेदी पाहणारे भागीदार खुशीत होते. म्हणाले, आता विक्रेता सुधारलाय, वळतीचे हप्तेही संपले, तर पुढच्या वेळी सर्वेक्षक न पाठवता त्याचाच अहवाल घेतला तर? खर्च वाचेल. मी विचारलं, पुढचा माल कधी भरायचाय? ते म्हणाले, मेमध्ये.